सड्यावरच्या टॉवरची संमती

आमच्या टॉवरखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. ती मी अकारविल्हे लावली आणि तिथेच अडकले.

आधी धंदा सांगते. रत्नागिरीजवळ पालीच्या पुढे मोठा रस्ता सोडून आत वळलं की सहा वाड्या लागतात. त्यांना इंटरनेट मी पुरवते. नवऱ्याने केबल सुरू केली होती. तो मुंबईत नोकरीला कायम झाला, तेव्हा मी कारभार हातात घेतला आणि केबलचं इंटरनेट केलं. वर सड्यावर, उघड्या कातळात, आमचा लहानसा टॉवर आहे आणि त्यावर सिग्नल सोडणारा रेडिओ. खाली घराघरांच्या कौलांवर एकेक डिश. टॉवरवरून डिशमध्ये, डिशमधून घरातल्या वायफायच्या डब्यात, एवढाच प्रवास.

रेडिओ एका कंपनीचा आहे आणि तो फक्त त्याच कंपनीच्या डिशशी जुळतो. घेताना ही अट मी वाचली होती, तिच्याखाली रेघही मारली होती, पण अडचण वाटली नव्हती. मग कंपनीने त्या डिश बनवणंच बंद केलं. विजेने एखादी डिश गेली की दोन जुन्या मोडून मी एक उभी करायची. गेल्या पावसाळ्यानंतर मोडायलाही काही उरलं नाही. नेट बंद पडलेल्या घरांची यादी फ्रिजवर चिकटवलेली असते, ती दुसऱ्या पानावर गेली.

मला यातून बाहेर पडायचं होतं. रत्नागिरीतला एक मोठा पुरवठादार माझं सगळं जाळं चालवायला घेणार होता, पण या कंपनीच्या खोड्यात पाय घालणार नाही, आधी यंत्रं बदला, असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. त्याच सुमारास सरकारी योजनेची बातमी आली. लहान पुरवठादारांनी खुल्या तंत्रज्ञानाची यंत्रं बसवली, म्हणजे एका कंपनीचा रेडिओ दुसऱ्या कंपनीच्या डिशशी जुळेल अशी, तर सरकार मदत करणार होतं. मी नवऱ्याला फोन केला. अर्ज मंजूर करून घ्यायचा, यंत्रं बदलायची, जाळं सोपवायचं आणि डोंबिवलीला यायचं, असा क्रम सांगितला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातली सलग दोनसुद्धा आम्ही एका घरात काढलेली नाहीत.

"ये," तो म्हणाला. "तुला जागा आहे. तुझ्या फायलींना नाही."

अर्जाला चौदा कागद लागत होते. तेरा मी आठवड्यात जमवले. चौदावा म्हणजे टॉवरच्या जमिनीच्या सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती. टॉवर उभारताना थोरल्या घरच्या काकांनी कातळावर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, तीच संमती. गाऱ्हाण्याची झेरॉक्स निघत नाही.

शिमग्याला सतराही जण गावात असणार होते. मी यादी टाइप केली. क्रमांक, नाव, सही. जमीन दोन घरांची आहे, थोरलं आणि धाकटं. पालखीला पहिला खांदा थोरल्या घराचा, मग धाकट्याचा, हे मला लग्न होऊन आल्या दिवसापासून ठाऊक आहे. यादी करताना ते डोक्यात आलं नाही, कारण ती पालखीची यादी नव्हती. धाकट्या घरचा मुंबईत ड्रायव्हर असलेला नात्यातला दीर अक्षराप्रमाणे पहिला आला. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने सही केली आणि कागदाचा फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी मी थोरल्या घरी गेले. काका पडवीत सुपारी कातरत बसले होते. त्यांनी चष्मा लावला आणि यादीवरून बोट खाली खाली नेलं.

"सूनबाय, मी अकरावा?"

मी सांगितलं की हा अक्षरांचा क्रम आहे, यात मानपानाचा प्रश्न नाही.

"अक्षरं सरकारची. मान गावचा हाय," ते म्हणाले. "सही करनार. पन अकराव्या जाग्यावर नाय." आणि आत वळून चहा टाकायला सांगितला.

घरी येऊन मी यादी नव्याने केली, थोरलं घर वर. सकाळी ड्रायव्हरकडे गेले. तो दात घासत अंगणात उभा होता. त्याने कागद हातातही घेतला नाही. "वहिनी, काल वर बसवलंत, आज उतरवताय? ग्रुपवर सगळ्यांनी बघितलंय." त्याच्या मागोमाग त्याच्या चुलत्यांनीही नकार दिला. मग मी दोन कागद केले, प्रत्येक घराचा वेगळा, दोन्हीकडे आकडे एकपासून. ड्रायव्हरने विचारलं, टाचणी लावताना वर कुठला येणार? मी म्हटलं, शेजारी शेजारी ठेवू. "शेजारी शेजारी टाचणी कशी लागते, ती लावून दाखवा," तो म्हणाला, आणि त्याची बायको स्वयंपाकघरात हसली.

रत्नागिरीच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या क्लार्कने सांगितलं की सह्या एकाच कागदावर हव्यात, क्रम आम्ही बघत नाही. मीही बघितला नव्हता, म्हणून तर ही वेळ आली होती. परवा पालखी देवळात जाणार आणि त्याच दुपारी मुंबईच्या गाड्या सुटणार. अर्जाची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती. दोन घरांच्या मधल्या पायवाटेवरून मी त्या दोन दिवसांत इतक्या वेळा गेले की कुत्र्यांनी भुंकणं सोडलं.

शेवटच्या सकाळी पालखी बसते त्या सहाणेवर दोन्ही घरं जमली. मी कडेला उभी होते. पहिला अर्धा तास माझ्या कागदाबद्दल कोणी बोललंच नाही, जुनी कुंपणं निघाली. मग काकांनी काठी आपटली. आकडे काढून टाका, म्हणाले. कोरा कागद घ्या, वर परवानगीची ओळ लिहा, खाली ज्याला जिथे वाटेल तिथे त्याने सही करावी.

मी श्वास सोडला, तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "पण परवानगी कोणाला? उद्या दुसराच कोणी येऊन बसला तर? परवानगी वहिनींना द्यायची. त्या चालवतील तोवर. दुसऱ्याला दिलं तर टॉवर उतरवायचा."

"ह्ये बरोबर बोललास," काका म्हणाले. तीन दिवसांत दोन घरांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

थोरल्या घरच्या काकी पदर सावरत पुढे आल्या. त्यांचा मुलगा विरारला असतो, रोज तिन्हीसांजेला त्या फोनवर नातवाचं तोंड बघतात. "माझा डबा बंद पडला तर मी रत्नागिरीच्या मानसाच्या दारात जाव? हिच्या दारात जाते. शिव्या पन हिलाच देते."

सगळे हसले. मीही हसले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. गाड्या दुपारी सुटणार होत्या, बंद घरांत काकींच्या शेजारचीही तीन होती, आणि मी जाणार आहे हे त्या हसण्यावर टाकायला माझी जीभ रेटली नाही. अक्षर चांगलं म्हणून लिहायलाही मलाच बसवलं. परवानगी फक्त माझ्या नावे, मी चालवेन तोवर, दुसऱ्याकडे सोपवता येणार नाही, हे मी माझ्या हाताने लिहिलं आणि वाचून दाखवलं. सतरा सह्या झाल्या, आडव्या, तिरक्या, एक तर चक्क उलटी. कोणाचीच पहिली नव्हती.

नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. "तू बोलली नाहीस?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. "मग देऊ नको कागद." मी म्हटलं, चौदाही पूर्ण झालेत. "तुझे कागद पूर्ण झाले की तुला बाकी काही दिसत नाही," तो म्हणाला. तो रागावला नव्हता. मला तेच जड गेलं.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला गेले. क्लार्कने संमतीपत्र दोनदा वाचलं. "मॅडम, ही अट राहिली तर हे जाळं तुम्हाला कोणाला देता येणार नाही. आणि मदत घेतल्यावर मध्येच बंदही करता येत नाही. समजून देताय ना?" समजल्याची वेगळी सही घ्यावी लागेल, असं सांगून त्याने एक फॉर्म पुढे सरकवला. मागे रांग होती. मी सही केली, पोच घेतली, तिच्यावरचा शिक्का नीट उमटलाय का ते पाहिलं.

बाहेर येऊन आधी त्या पुरवठादाराला नाही म्हणून कळवलं. मग डोंबिवलीला फोन लावला.

"दिलास?"

"दिला."

"किती वर्षं?"

कागदावर वर्षं लिहिलेली नाहीत, मी सांगितलं.