परक्याच्या गोलाचे पेढे

जगात जे काही चांगलं घडतं ते आमच्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थीच घडवतात आणि जे अजून घडायचं आहे तेही तेच घडवतील, असं शांतपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझ्या वर्गमित्राचा मामा. ऐंशीच्या दशकात अंबरनाथला बुवापाड्यात आमच्या खोलीला लागून त्यांची खोली होती. सगळी चाळ त्यांना मामाच म्हणायची. चाळीतले बाकीचे पुरुष कारखान्यात पाळीवर जाणारे. मामाही कारखान्यातच, पण प्रयोगशाळेत. चाळीत दारावर पाटी फक्त त्यांच्या. नावाखाली ‘बी.एस्सी.’ आणि त्याखाली विद्यापीठाचं पूर्ण नाव. ते नाव मावावं म्हणून पाटी एवढी लांब करावी लागली होती की ती चौकटीबाहेर आली होती आणि पाणी भरणाऱ्या बायकांच्या खांद्याला लागत असे. तिची तक्रार केली की मामा म्हणत, “पाटी नाही लागत, विद्यापीठ लागतं. लागू द्या.”

सकाळी मामा वर्तमानपत्र वाचत नसत, त्यात आपली माणसं शोधत. कुणी न्यायाधीश झाला, कुणी कसला शोध लावला, कुणी मोठ्या बँकेचा अध्यक्ष झाला, की मामा त्या बातमीवर बोट ठेवून म्हणत, “आपला.” कशावरून, असं मी विचारलं तर सांगत, “चेहरा बघ. दुसरीकडे शिकलेला दिसतो का?” बरेचदा ते खरंही निघे. एकदा एक पुढारी लाच घेताना सापडला आणि तो आमच्याच विद्यापीठाचा होता. मामांनी ते वर्तमानपत्र घडी करून गादीखाली सरकवलं. संध्याकाळी मला म्हणाले, “तो एकच वर्ष होता. पुढे सोडून गेला.”

पण मामांची खरी ख्याती पेढ्यांमुळे होती. पास झालेल्याने पेढे वाटायचे हा आपल्याकडचा रिवाज. मामांचं म्हणणं असं, की मोठी माणसं कामात असतात, त्यांना सवड होत नाही, म्हणून त्यांच्या वतीने आपण वाटायचे. त्यासाठी ते उल्हासनगरला कॅम्पातल्या एका सिंधी मिठाईवाल्याकडे जात. सर्वांत जास्त पेढे आम्ही खाल्ले ते एका फुटबॉलपटूचे. हा मुलगा विद्यापीठाच्या संघातून पुढे कोलकात्याच्या मोठ्या क्लबात गेला होता आणि खेळण्याचा पगार घेत होता. मामांनी जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता. तरी सामना असला की ते खरखरणारा रेडिओ खिडकीच्या गजांना टेकवून बसत आणि बंगालीतलं समालोचन न समजता ऐकत. त्याचं नाव आलं आणि पाठोपाठ आरडाओरडा झाला, की गोल. मिठाईवाला विचारी, “साईं, आज कौन पास हुआ?” मामा सांगत, “पास नहीं हुआ, गोल मारा.” “भांजा है क्या?” “वैसा ही समझो.”

हे ‘वैसा ही समझो’ मामा चाळीतही म्हणत असणार, कारण तो फुटबॉलवाला मामांचा सख्खा भाचा आहे असं माझी आई कित्येक वर्षं धरून चालली होती. एकदा त्याचा गुडघा दुखावल्याची बातमी आली. मामा डबा न नेता कामावर गेले. हे कळल्यावर आईने निरगुडीचा पाला तेलात कढवला, बाटली भरली आणि संध्याकाळी त्यांच्याकडे समाचाराला गेली. म्हणाली, “दोन वेळा चोळायला सांगा भाच्याला. आणि जिना कमी चढू दे म्हणावं.” मामांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. “कळवतो, वहिनी,” म्हणाले. ती बाटली रेडिओवर ठेवलेली होती. पुढे तो पुन्हा खेळायला लागला आणि पेढे आले, तेव्हापासून आई त्या तेलाविषयी फार खात्रीने बोलू लागली.

मी बारावी झालो तेव्हा बाबांनी आनंदनगरच्या एका कारखान्यात माझ्यासाठी हेल्परची जागा बघून ठेवली होती. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेज बाहेरूनही पाहिलेलं नव्हतं. मामा न बोलावता येऊन बसले आणि त्यांनी न्यायाधीश, शास्त्रज्ञ, बँकेचे अध्यक्ष आणि फुटबॉलवाला असे सगळे एकामागून एक बाबांसमोर उभे केले. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, “मग आता ह्याला काय फुटबॉल खेळायला पाठवू?”

“खेळायला नको, अण्णा. पण ज्या दारातून ते गेले त्या दारातून ह्याला जाऊ दे.”

बाबांनी तंबाखू मळून चिमूट तोंडात टाकली. मग म्हणाले, “बरं. पण एक सांगतो. ह्याचे पेढे मी वाटणार. तुम्ही मध्ये यायचं नाही.”

मामांनी कबूल केलं. तेव्हापासून परीक्षा जवळ आली की मामा मला अभ्यासाचं विचारत नसत. एवढंच म्हणत, “अण्णांना पेढे वाटायचेत, लक्षात आहे ना?”

बी.कॉम.चा निकाल लागायच्या आठवड्यातच बाबा पाळीवर असताना छातीत कळ येऊन गेले. मी डोकं भादरून घरात बसलो होतो. निकाल बघायला मामा रजा टाकून उल्हासनगरला कॉलेजात गेले आणि परत आले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. माझी आत्या दारातच उभी होती. तिने त्यांना अडवलं. “मामा, घरात सुतक आहे. पेढे कसले वाटताय?”

“सुतक तुमच्या घराला आहे, ताई,” मामा म्हणाले. “विद्यापीठाला नाही.”

मग ते आमचं दार सोडून प्रत्येक दारात गेले. एरवी मामा पेढ्याबरोबर अर्धा तास माहिती देत. त्या दिवशी प्रत्येक दारात त्यांनी एकच शब्द सांगितला, “अण्णांकडून.” कुणी नाही म्हटलं नाही. काहींनी पेढा तोंडात न घालता नुसता हातात धरून ठेवला. आई आत्याला म्हणाली, “वाटू दे त्यांना. ह्यांचंच काम करतायत.” आमच्या वाटणीचे पेढे मामांनी बाजूला ठेवले होते. ते तेराव्यानंतर आणून दिले. तोवर ते दगडासारखे झाले होते. आम्ही ते पाण्याबरोबर खाल्ले.

पुढे मी नोकरीला लागलो. नव्वदच्या दशकात मामा निवृत्त होऊन मामींसह बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेऊन राहायला गेले. पाटी सोबत नेली. तिथे ती भिंतीवर नीट मावली, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं. बऱ्याच वर्षांनी तिथेच ते वारले. पोचवून आल्यावर तीन-चार दिवसांनी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, खाली कोपऱ्यात, मला एक बातमी दिसली. तो फुटबॉलवाला एका संघाचा प्रशिक्षक झाला होता. फोटोत केस पांढरे होते. मी कॅम्पात गेलो. गल्ल्यावर आता मिठाईवाल्याचा मुलगा होता. त्याने काही विचारलं नाही.

कात्रपच्या त्या इमारतीत मला कुणी ओळखत नव्हतं. मी मामांचं दार सोडून एकेक घंटा वाजवली. लोक विचारायचे, कशाचे? मी सांगायचो, “फुटबॉलवाला प्रशिक्षक झाला. मामांकडून.” वर मामी कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “किती गोल केले रे?”

“आता खेळत नाही, मामी. शिकवतो.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “गुडघ्याला आराम.”