खवल्या मांजराचं कार्ड

हे सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. आता टाळायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

मेडशीजवळच्या आमच्या गावात पोस्ट आमच्याच ओसरीत होतं, वडील पोस्टमास्तर. गावाशेजारच्या बंजारा तांड्यावरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, ती थेट उन्हाळ्यात परतत. तोवर त्यांचं टपाल वडील कोनाड्यात ठेवून देत. नियमात बसत नव्हतं, पण माणसं येणारच आहेत, मग टपालानं कायले परत जावं, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी कोनाड्यात माझ्या वर्गातल्या, तांड्यावरच्या एका मुलीची पाकिटं साचली. चित्रकलेत पहिली आली म्हणून गुरुजींनी तिला वर्षभर टपालानं येणारी प्राण्यांची कार्डं लावून दिली होती. महिन्याला एक पाकीट, आत सहा कार्डं. पुढे रंगीत फोटो, मागे माहिती, सोबत पुढच्या महिन्यातल्या प्राण्यांची यादी. ती जायच्या आधी आलेल्या यादीत खवल्या मांजर होतं.

ते तिनं नाल्याकाठी खरंच पाहिलं होतं. अंगभर खवले, काडी लावली की गोल गुंडाळून घेतं, असं तिनं वर्गात सांगितलं तर पोरं हसली. मांजराले खवले, मंग मासोळीले मिशा असतीन, म्हणाली. तिचा सख्खा भाऊ सगळ्यांत जास्त हसला. कार्ड येऊ द्या, एवढंच ती म्हणाली आणि आईबापाबरोबर निघून गेली.

मी ती पाकिटं उघडायची. कार्डं पाहून झाली की भाताच्या शितानं पुन्हा चिकटवायची. खवल्या मांजर मात्र परत आत ठेववेना. दप्तरात टाकलं.

उन्हाळ्यात ती आधी आमच्या ओसरीवर आली. पाकिटं तिथंच फोडली, कार्डं दोनदा चाळली. मग माझ्याकडे पाहिलं. पाचच आली असतील, मी म्हणाले. वडील शेजारीच शिक्के मारत होते. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

शाळेत तिचं नाव थापाडी पडलं. पुढल्या वर्षी ती शाळेत आलीच नाही. ऊसतोडीमुळे, असं मी स्वतःला सांगत आले. असेलही. पण थापाडी होऊन गेली, ती माझ्यामुळे.

गेल्या महिन्यात ते कार्ड घेऊन मी एसटीनं पोहरादेवीकडे गेले. तिकडच्याच एका तांड्यावर तिचं सासर. अंगणात तूर पाखडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बसले असते तर राहून गेलं असतं. कार्ड पुढे केलं.

तिनं पदराला हात पुसले, पण कार्ड घेतलं नाही. सूप हलवत राहिली.

"मले कायले दाखवतं? म्या तं पायलंच होतं," ती म्हणाली. "माह्या भावाले दाखव. थो अजूनबी पोराईले सांगते, तुमची आत्या थापाडी हाय म्हणून."

दाखवते, मी म्हणाले.

"अन् कोनं लपोलं होतं, थेबी सांगशीन?"

"सांगीन."

"मंग थांब. मीबी येतो."

सूप भिंतीला टेकवून ती पातळ बदलायला आत गेली.

आमच्या गावाशेजारच्या तांड्यावर, तिच्या माहेरी पोचलो तेव्हा तिचा भाऊ दारात बाज विणत होता. भोवती त्याची पोरं होती, शेजारची दोन माणसंही. त्यानं बसा म्हटलं. मी बसले नाही.