सहीची मुदत

आमच्या इवायांइतका संशयी माणूस बीड जिल्ह्यात दुसरा झाला न्हाई आणि आता होणारबी न्हाई. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील. टेलिफोनच्या खात्यातून रिटायर होऊन केजला राहायचे. सोयरिकीच्या बोलण्याला आमच्या गावी आले, तेव्हाच मी ओळखलं की हे प्रकरण वेगळं हाय. पोह्याची बशी तशीच ठेवून म्हणाले, "तुमी सांगता ते खरं हाय, हे कोण सांगतं?" मी सरपंचाचं नाव घेतलं. "आन् सरपंचाचं कोण सांगतं?" मी नांदूरघाटच्या साडूचं नाव घेतलं. "आन् साडूचं?" असं वर वर चढत आम्ही केजच्या एका आडत्यापर्यंत पोचलो, तो त्यांच्या ओळखीचा निघाला. "हां, त्याच्यावर माझा इस्वास हाय," म्हणून मग त्यांनी गार झालेले पोहे उचलले. मला लई राग आलेला. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस, पण जन्मात कुठं अंगठा लावला न्हाई. सगळीकडं सही. रेशनच्या मशीनला अंगठाच लागतो म्हणून तिथं मंडळीला पाठवतो. असल्या माणसाला हे साक्षीदार मागतात! पण पोरगी गुणाची होती. गप बसलो.

पुढं कळलं की हे सगळ्यांशीच असं. पोटच्या पोरीचा फोन आला तरी आधी "आपल्या जुन्या गाईचं नाव काय व्हतं?" असं विचारायचे, ती नाव सांगायची, मग बोलणं सुरू. चुलतभाऊ वारल्याचा निरोप आला, तेव्हा रडायच्या आधी त्यांनी त्या गावच्या पोस्टमनला फोन लावून खात्री केली आणि मग ढसाढसा रडले. मातीला उशिरा पोचले, पण खात्री करून पोचले.

आमचं गाव दसरा झाला की अर्धं रिकामं होतं. माणसं ऊसतोडीला जातात आणि लेकरं शाळेतल्या वसतिगृहात राहतात. इवायांनी रिटायर झाल्यावर इंटरनेटवर गावाच्या नावाचं एक पान काढलं. रोज संध्याकाळी त्यावर एकेका लेकराचं नाव यायचं: हाय, जेवलं, बरं हाय. आई कर्नाटकात उसाच्या फडात असली तरी मोबाईलवर बघायची. लेकरं बघून यायचं काम माझ्याकडं होतं. मी फोन केला की इवाई विचारणार, "डोळ्यानं पाहिलं का ऐकलं?"

"डोळ्यानं."

"ताट वाढलेलं पाहिलं, का जेवताना पाहिलं?"

मी चिडायचो. "आता घास मोजून सांगू का?"

"सांगितले तर बरंच."

एका हंगामात ऊसतोडीला गेलेल्या आमच्या गावच्या शेवंताच्या मोबाईलवर ते पान उघडलं आणि त्यात लिहिलेलं की जेवणातून विषबाधा झाली, लेकरं दवाखान्यात हायत. ते पान आमचं नव्हतंच. तिच्या फोननं गावाच्या नावाचं पान कुठं हाय ते विचारलं आणि मधल्या कुणीतरी भलताच पत्ता सांगितला. कुणी आणि कशासाठी, ते शेवटपर्यंत कळलं न्हाई. शेवंता हातातला कोयता टाकून निघाली, मिळेल त्या उसाच्या ट्रॅक्टरवर चढली आणि चालत्या ट्रॅक्टरवरून पडली. तिची पोरगी त्या वेळी इथं शाळेच्या ओट्यावर भाकर खात होती. शेवंताचा एक पाय अजून वाकडा पडतो.

तेव्हापासून इवाई सहीच्या मागं लागले. गावाचं नाव कुठल्या पत्त्यावर राहतं, हे सांगणारी एक फाईल असते. त्या फाईलवर कॉम्प्युटरमधल्या चावीनं सही करायची. मग मधला कुणी खोटं सांगायला लागला तर फोन म्हणतो, सही कुठाय? ती चावी तुमचीच कशावरून, हे तुमच्या वरचा सांगतो, त्याचं त्याच्या वरचा. म्हणजे आमच्या सोयरिकीचंच बोलणं, नुसते पोहे न्हाईत. मी हे म्हणालो तर इवाई खूश झाले. "इवाई, तुमाला जावयापेक्षा लवकर कळलं."

पण त्या सहीला मुदत असते. महिनाभराची. महिना संपायच्या आत पुन्हा सही केली न्हाई, तर फोन खरा पत्तासुद्धा मानत न्हाई. नाव बंद. म्हणून दर महिन्याला इवाई अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यापुढं बसायचे, एक लांब ओळ हातानं टाईप करायचे आणि चावीचा गुप्त शब्द घालायचे. माझा पोरगा पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीला हाय. तो म्हणाला, "मामा, हे मशीन आपोआप करंल की."

"आपोआप व्हती ती सही न्हाई जावईबापू, शिक्का हाय. शिक्का चोरबी मारतो."

मग त्यांच्या किडन्या गेल्या. पानावर लेकरांची नावं टाकायचं काम माझी सून करायला लागली. आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागायचं, मी सोबत. नळ्या लावलेल्या हाताकडं बघत म्हणायचे, "हेबी सहीसारखंच हाय इवाई. मुदत वाढवून देतेत, बास." त्यांना मरणाचं एवढं न्हाई वाटायचं. घोर होता तो सहीचा. आपण गेलो की महिन्यात नाव बंद पडणार, आणि फडातल्या बाया मोबाईल हातात घेऊन बसणार. पोरगी आणि जावई म्हणायचे, आम्ही मशीनवर टाकतो. ते ह्यांना चालायचं न्हाई.

एक दिवस मला म्हणाले, "तुमी करा."

"मला इंग्रजी येतं का? कावून थट्टा करता?"

"येत न्हाई म्हणूनच. तुमी जे सांगितलं तेच माराल. शिकलेला मधीच हुशारी करतो. आन् तुमी कुठं अंगठा लावत न्हाई."

दवाखान्याच्या बाकड्यावर शिकवणी सुरू झाली. मला ती इंग्रजी अक्षरं वाचता यायची न्हाईत, मी त्यांचे आकार पाठ केले. हा हूक, ही खुर्ची, हे टिंब. टिंब विसरलं की ते कपाळावर हात मारायचे. एकदा मी दोन रेघा मारल्या तर ओरडले, "एक रेघ बे!" सोयऱ्याला 'बे' म्हणायचं! मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवून सरळ बस स्टँडवर गेलतो. चहा प्यायलो आणि परत आलो. त्यांना घरी कोण नेणार होतं? परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "एक रेघ, इवाई." गुप्त शब्द त्यांनी माझ्या कानात सांगितला. तो मी इथं लिहिणार न्हाई.

शेवटची सही त्यांनी स्वतः केली. खाटेवर, उशीला टेकून. मी बघत होतो. "आज ओळ लांब झाली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. "मुदत कमी घातली. आठवड्याची."

"कावून? महिन्याची घाला की."

"मला खात्री हाय तेवढंच मी सांगणार."

चौथ्या दिवशी ते गेले. माती झाली, राख सावडली, तरी फडात पान उघडतच होतं. माणूस जळून गेला आणि त्याचा शब्द अजून लोक खरा धरत होते, हे माझ्या डोक्यातून जाईना. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी केजला त्यांच्या घरी गेलो. बाया रडत होत्या. मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला. हूक, खुर्ची, टिंब. रेघ मारली आणि थांबलो. मागून कुणी ओरडलं न्हाई. एकच होती, मी पुन्हा बघितली. नेहमीचीच ओळ, महिन्याची. गुप्त शब्द घातला. बोट घसरून शेजारचंच बटण दाबलं जायची भीती वाटली. मग मी त्या शेवटच्या बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला.

पडद्यावर ओळी पळाल्या, थांबल्या. मी शेवंताला फडावर फोन लावला, दुसऱ्या दिवशी जुनी मुदत संपल्यावर पुन्हा लावला. "उघडतंय दादा," ती म्हणाली, "पोरगी जेवली म्हणतंय."

"डोळ्यानं पाहिलं का ऐकलं?" माझ्या तोंडून गेलं.

ती म्हणाली, "डोळ्यानं."

जन्मात तेवढा एक अंगठा लावला. सही मात्र त्यांचीच उमटली.