पेरूवरचा वाघ

दिवाळीच्या आवराआवरीत लोखंडी पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि घडीतून वाघ डोळे वटारतो. आईचं मखमली ब्लँकेट आहे ते, त्यावर हा वाघ छापलेला.

चिमूरजवळच्या आमच्या गावात अंगणातला पेरू, आमच्या बोलीत जांब, पिकला की वानरं यायची. फटाके फोडून झाले, डबे बडवून झाले. शेवटी एका सकाळी बाबांनी आईचं हे कोरं ब्लँकेट झाडावर पसरलं.

"जांब वाचले तं वाचले, माह्यं ब्लँकेट गेलं ना," आई करवादली.

टोळी कौलांवरून आली, थबकली आणि खक्-खक् ओरडत सुटली. आमच्याकडे हा आवाज आला की कोणी वानरांकडे बघत नाही, वाघ कुठे आहे ते बघतात. दारं धडाधड लागली. काठ्या घेऊन माणसं अंगणात घुसली.

"कुठी हाये?"

"इथी," बाबा ओशाळून म्हणाले, "वाळून राह्यला."

सगळे पोट धरून हसले. शेजारच्या म्हाताऱ्या जनाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "काऊन हसता? वाघोबा दारी आला," म्हणत त्यांनी वाघाच्या कपाळाला ओलं कुंकू लावलं. मग आईनंही हसू दाबत पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

वानरं लवकरच शहाणी झाली, त्याच वाघावर बसून पेरू खाऊ लागली. कुंकवाचा डाग मात्र आईनं कितीही घासला तरी निघाला नाही.

आज तो जरा फिका वाटला, म्हणून मी करंडा उघडला.