झाकलेली चपरास

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस हुकला होता, त्या उन्हाळ्यातली ही घटना. एप्रिलमधला गुरुवार, सकाळचे सात. ती सकाळ मी विसरलेलो नाही.

मी उदगीर भागातील एका ठाण्याचा फौजदार होतो. हद्दीतील एका गावचे पोलीस पाटील सायकलवरून वर्दी घेऊन आले. दुष्काळी कामावर जुन्या बारवेतला गाळ उपसताना मजुरांना माणसाची हाडे सापडली होती. पंच घेऊन गेलो. कवटीला मागच्या बाजूने खोक होती. हाडांसोबत कमरपट्ट्याचा चांदीचा बिल्ला निघाला. त्यावर काहीतरी निशाण होते.

बारव गावच्या जुन्या जहागीरदार घराण्याची. थोरले बंधू हयात होते. गाव त्यांना सरकार म्हणे. धाकटे अठ्ठेचाळीस सालच्या हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत घर सोडून पळाले, असे थोरल्यांनीच त्या वेळी सांगितले होते. धाकट्यांची पत्नी तेव्हापासून मुखेड तालुक्यात माहेरी राहत होती. नवऱ्याने टाकलेली, असे लोक तिच्या तोंडावर म्हणत.

निशाण ओळखण्यासाठी घराण्याच्या भाटांना ठाण्यात बोलावले. कोणत्या घराण्याची वंशावळ कशी, कोणत्या शाखेचे निशाण कसे, हे जाणून घेण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्या हातात काठी असे आणि काठीच्या मुठीवर जहागिरीने दिलेली, घराण्याचे निशाण कोरलेली चांदीची चपरास. त्यांनी बिल्ला उजेडात धरला, झिजल्यामुळे ओळखू येत नाही असे सांगितले आणि ओसरीवर जाऊन बसले.

जबाबावर सही घेण्यासाठी मी बाहेर आलो, तो चपरास दिसेना. त्यांनी तिच्यावर रुमाल गुंडाळून गाठ मारली होती. थोरल्यांच्या चुलतीच्या अंत्ययात्रेला मी बंदोबस्तावर होतो. तेव्हाही ती अशीच झाकलेली पाहिली होती. घराण्यात मृत्यू झाला की दहाव्यापर्यंत भाट निशाण झाकतो, हे मला त्या वेळी कळले होते.

त्यांना आत घेतले. हवालदाराला बाहेर पाठवले.

"बाबा, सुतक कुणाचं धरलंत?"

त्यांनी रुमालाची गाठ आणखी आवळली. मी दुसरा प्रश्न विचारला नाही. चौकशीत घाई करणारा अधिकारी बहुधा स्वतःचेच उत्तर ऐकतो.

"धाकट्या आईसाहेबांच्या कपाळी कुंकू हाय, साहेब," ते अखेर म्हणाले. "माझ्या तोंडून कसं पुसू?"

मग त्यांनी सांगितले. दोन्ही शाखांचे निशाण सूर्य आणि कट्यार. थोरल्या शाखेच्या कट्यारीचे टोक वर, धाकट्या शाखेचे खाली. बिल्ल्यावरचे टोक खाली होते. तसा बिल्ला घराण्यात एकाच माणसाच्या कमरेला होता.

थोरल्यांना बोलावून आणले. ते ठाण्यात ताठ बसले. बिल्ला टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांनी नजर वळवली.

"त्याला वाटणी पाहिजे व्हती," ते म्हणाले. "जहागिरीची वाटणी होत न्हाई."

पुढचे त्यांनी न विचारता सांगितले. पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून त्यांना अटक करून कबुली नोंदवण्यासाठी मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याची व्यवस्था केली.

दुपारी जीपने मुखेडकडे निघालो. भाट सोबत होते. सांगण्याचे काम मात्र माझे होते. बाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होते. मी सगळे सांगितले, भाटांनी आधी ओळख लपवल्याचेही. त्यांनी बिल्ला हातात घेतला, कट्यारीच्या टोकावरून बोट फिरवले. रडल्या नाहीत.

"त्ये पळून जाणारे न्हवते. मी सांगत व्हते. कुणी ऐकलं न्हाई." मग त्या भाटांकडे वळल्या. "बाबा, तुम्ही माझं कुंकू जपायला गप्प राहिलात. त्यांचं नाव कुणी जपावं?"

भाट उभे राहिले आणि मूळपुरुषापासून वंशावळ म्हणू लागले. इतकी वर्षे धाकट्यांच्या नावापुढे ते 'परागंदा' म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "भावाच्या हातून बारवेत मारले गेले."

"परत म्हणा," बाई म्हणाल्या.

त्यांनी परत म्हटले.

गप्प राहणारा साक्षीदार गुन्हेगारालाच वाचवत असतो असे नाही, हे मी या प्रकरणात शिकलो. तो ज्याला जपतो, त्याला ते जपणे हवे आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. पुढच्या नोकरीत मी ते विचारत गेलो.

बाईंनी बिल्ला मागितला. तो मुद्देमाल होता. देता येत नव्हता. तसे सांगितले. ओळख पटल्याच्या पंचनाम्यावर त्यांची सही घेतली. ठाण्यात परतल्यावर बिल्ला कापडी पिशवीत घालून तोंड शिवले, लाख वितळवून त्यावर ठाण्याचा शिक्का उठवला, पिशवी मुद्देमालाच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावले.