भिंगरीच्या नाकाला काम

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लाँड्रीची मालकीण हॉटेलातून आलेलं गाठोडं सोडत होती. वेटरांच्या पांढऱ्या कोटांचा ढीग जमिनीवर पसरला. दाराशी बांधलेली भिंगरी, दीड वर्षाची बेल्जियन शेफर्ड कुत्री, पट्टा ताणून कुंईकुंई करत होती. ती इथे राहणार की जिथून आली तिथे परत जाणार, याचा आज निकाल होता.

निकाल देणार होता मालकिणीचा नवरा. तो रात्रपाळीचा बस ड्रायव्हर. दिवसा लाँड्रीच्या मागच्या खोलीत झोपायचा. निदान भिंगरी येईपर्यंत तरी झोपायचा. दोरीवरच्या चादरी चोरीला जातात म्हणून राखणीला कुत्री आणली, आणि उडाली ती नवऱ्याची झोप. भिंगरीने बादल्या पळवल्या, उशीतला कापूस घरभर केला, फिरत्या मशीनच्या काचेवर भुंकून घर डोक्यावर घेतलं.

"दमव तिला, म्हणजे पडेल गप," नवरा म्हणाला होता. मालकीण रोज सायकल काढून तिला पळवू लागली. महिनाभरात मालकिणीचे कपडे सैल झाले आणि भिंगरीचा दम दुप्पट. मालकीण घरी येऊन भिंतीला टेकायची. भिंगरी चप्पल तोंडात धरून पुढच्या फेरीला हजर.

मग मालकीण कुत्र्यांना शिकवणाऱ्या काकांकडे गेली. भिंगरी त्यांच्याकडचीच. काका पोट धरून हसले.

"अगं बाई, तू कुत्री दमवली नाहीस, पैलवान तयार केलास! ही कामाची जात. पायांचं राहू दे, नाकाला काम दे. काहीतरी शोधायला लाव. आणि काम झालं की चटईवर पडून राहायलाही शिकव. ते हिला आपोआप येत नाही."

काय शोधायला लावायचं, याचा मालकिणीला फार विचार करावा लागला नाही. वेटर खिशात पेन विसरतात. एक पेन मशीनमध्ये फुटलं की सगळे पांढरे कोट निळे, आणि हॉटेलवाल्याची बोलणी वेगळी. तिने भिंगरीला पेन हुंगायला देऊन ते लपवायला सुरुवात केली. सापडलं की समोर बसायचं, मग चेंडू मिळायचा. चेंडूसाठी भिंगरी भिंतही चढली असती.

नवऱ्याचा विश्वास नव्हता. "रविवारी मी स्वतः पेन लपवणार. नाही सापडलं, तर काकांकडे रवानगी."

आता तो पाळीवरून थेट आला होता, डोळे लालबुंद. मालकिणीला भिंगरीसकट बाहेर उभं करून त्याने पेन लपवलं, मग दोघींना आत बोलावलं. "सोड तिला."

भिंगरी ढिगात घुसली. नाक खाली, शेपूट ताठ. एका कोटापुढे ती धपकन बसली.

"हरली!" नवऱ्याने टाळी वाजवली. "मी तिथे ठेवलंच नाही."

तरी मालकिणीने कोट उचलून खिसा चाचपला. आतून एक जाडजूड निळं पेन निघालं, टोपण नसलेलं.

"अहो, हे कोणाचं?"

"माझं नाही," नवरा पुटपुटला. "माझं... थांब, ती कुठे चालली?"

भिंगरी ढीग सोडून निघाली, थेट त्याच्यापाशी आली, त्याच्या डाव्या बुटापुढे बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"मोज्यात लपवलंत?" मालकीण हसून खालीच बसली. "कपड्यांच्या परीक्षेला ड्रायव्हरसाहेब कॉपी करतात!"

"मोजा म्हणजे कपडाच की," नवरा म्हणाला. पण त्यालाही हसू आवरेना. चेंडू त्याने स्वतः टाकला. एकदा टाकला, मग टाकतच राहिला. शेवटी मालकिणीनेच चेंडू काढून घेतला आणि चटईकडे बोट दाखवलं. भिंगरी गेली, दोनदा गोल फिरली, आडवी झाली. मागच्या खोलीतून थोड्याच वेळात घोरणं ऐकू आलं.

उद्या सकाळी सहाला हॉटेलची गाडी येईल. गाठोडं आधी भिंगरी हुंगेल, मगच मशीन सुरू होईल. पट्टा नवरा धरेल, त्याने तसं कबूल केलं आहे.