द्वारकाच्या हातची पोत

शोभाचा फोन आला तेव्हा मी बीडच्या भाजीबाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते. दुपारचा गोंगाट, त्यात तिचा दबका आवाज. मला दोनदा विचारावं लागलं. "बाई, द्वारकाताई गेल्या," ती म्हणाली. "जेवून ओसरीवर कलंडल्या अन् उठल्याच न्हाईत." जुडी तिथंच ठेवून मी बसस्टँड गाठलं. नांदूरघाटला पोचले तोवर माती होऊन गेली होती. ओसरीवर बायका बसल्या होत्या, आणि भिंतीला तिची परात टेकवून ठेवलेली होती. कुणीतरी ती घासूनपुसून लख्ख केली होती. मला त्या बाईचा फार राग आला... तिनं बिचारीनं चांगल्या मनानंच घासली असणार, पण त्या परातीवरचा पिठाचा शेवटचा थर पुसला गेला होता.

परातीचं सांगायचं तर आधी द्वारकाचं सांगायला हवं. बीडला बचत गटांच्या प्रदर्शनात तुमच्यापैकी कुणी धुरकट आणि मधाच्या रंगाच्या खड्यांची, मधेच एखादा पांढराशुभ्र मणी असलेली माळ घेतली असेल, तर ती बहुतेक तिच्या हातची. पण माझी तिची ओळख माळांमुळे झाली नाही. मी नांदूरघाटच्या शाळेत शिक्षिका होते आणि ती तिथं खिचडी शिजवायला लागली होती. नवरा मेंढरं राखायचा, एका पावसाळ्यात वीज पडून गेला. मूलबाळ नव्हतं. मेंढरं दिरांनी वाटून घेतली आणि हिच्या वाट्याला ओसरी, एक खोली आणि शाळेतली चूल आली. चुलीशेजारी ती एक पत्र्याचा डबा ठेवायची. मी उघडून बघितला तर आत गारगोट्या. तांदळातले खडे निवडून ठेवतेस की काय, असं मी चेष्टेनं विचारलं, तर तिनं एक गारगोटी उचलून उन्हात धरली. आत पिवळसर धूर अडकल्यासारखा दिसत होता. "मेंढरामागं हिंडताना लई गोळा केलेत," ती म्हणाली. "मेंढरं खाली बघत्यात, म्या बी खालीच बघायची."

मणी ओवायला ती केजच्या एका म्हाताऱ्या पटवेकऱ्याकडं शिकली. शिकली म्हणजे त्यानं शिकवलं नाही. बाजारच्या दिवशी ती त्याच्यासमोर बसून राहायची आणि तो वैतागून "ऊठ गं बाई, गिऱ्हाइकाला दिसू दे" म्हणेपर्यंत त्याच्या बोटांकडं बघत राहायची. दर मण्यामागं एक गाठ, म्हणजे दोरा कुठं तुटलाच तर एकच मणी निसटतो, बाकीची माळ शाबूत राहते, हे तिनं तिथं पाहिलं. राहिला प्रश्न गारगोट्यांना भोक पाडायचा. बाजारात बांगड्या विकणारा एक मणेरचाचा माल आणायला गुजरातेत खंबायतला जायचा, तिथं खड्यांना भोकं पाडून मिळायची. त्याच्या गळ्यात हिनं अर्धं पोतं गारगोट्या बांधल्या. चाचा दीड महिन्यानं आला तेव्हा त्या अर्ध्या पोत्याचे दोन ओंजळी मणी झाले होते. मला वाटलं, ही आता त्याच्याशी भांडणार. ही मणी गालाला लावून बघत होती. एकेक मणी, डाव्या गालाला. "गार हाय," म्हणाली. "खरा हाय. चाचानं बदलला न्हाई."

परातीत ती ज्वारीचं पीठ पसरायची आणि त्यावर मणी मांडायची, गडगडू नयेत म्हणून. तीन धुरकट, एक मधाळ, पुन्हा तीन धुरकट... मग लांब जाऊन बघायची, नाक मुरडायची आणि सगळं मोडायची. एका माळेची मांडणी कधीकधी चार दिवस चालायची आणि त्या काळात तिच्या ओसरीवर मोठ्यानं शिंकायलाही बंदी असायची. मांडणी मनासारखी झाली की मणी उचलायचे, ओवायचे आणि त्याच पिठाच्या भाकरी थापायच्या. वाया कशाला घालवायचं? एकदा मी तिच्याकडं जेवत होते आणि भाकरीत कटकन काहीतरी लागलं. माझ्या दाढेचा टवका उडाला. ती घाबरून उठली, माझ्या तोंडाकडं आली आणि विचारलं काय, तर "मणी फुटला का हो बाई?" ती दाढ आजही थंड पाण्यानं ठणकते.

विक्रीचं काम मी अंगावर घेतलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जाताना पिशवीत माळा, लग्नाला जाताना माळा. पुढं बचत गटाच्या नावानं बीडच्या प्रदर्शनात टेबल मिळायला लागलं. तिथं द्वारका एका कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसायची आणि बोलायचं सगळं मी. एकदा मात्र ती बोलली. पुण्याकडच्या एक बाई माळ हातात घेऊन विचारत होत्या की हा खडा कशासाठी चांगला, शनीसाठी की राहूसाठी. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर जुळवत होते, कारण गिऱ्हाईक चांगलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "गळ्यासाठी." त्या बाई हसल्या, पण पुन्हा विचारलंच, घरात काही चांगलं होईल ना? द्वारका म्हणाली, "न्हाई बाई. म्या नशीब इकत न्हाई, मणी इकते." माळ गेली नाही. घरी परतताना बसमध्ये मी तिला बोल लावले आणि ती खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होती.

त्याच टेबलावर पुढच्या वर्षी तिनं काळ्या मण्यांच्या पोती मांडल्या. काळ्याशार मण्यांमधे एखादाच मधाळ खडा, तोही गळ्याच्या खळगीत बसेल असा. इतकी देखणी पोत मी कुठल्या सराफाकडं पाहिली नव्हती. एका बाईनं लेकीच्या लग्नासाठी एक निवडली, गळ्याला लावून बघितली. तिच्यासोबतच्या बाईनं द्वारकाच्या कपाळाकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "गाठली कुणी?" द्वारकानं सरळ सांगितलं, म्या. त्या बाईनं पोत चटका बसल्यासारखी खाली ठेवली. काही वाईट बोलली नाही. "पुन्हा येतो" म्हणाली आणि दोघी गेल्या.

द्वारकानं सगळ्या पोती गुंडाळल्या. परतीच्या बसमध्ये केज येईपर्यंत ती गुंडाळी मांडीवर धरून बसली. मग म्हणाली, "सगळ्या गावची लेकरं माझ्या हातची खिचडी खातेत. बाळंतिणीचं न्हाणं मलाच सांगतेत. मग पोतीलाच माझा हात कावून चालत न्हाई, बाई?" मी उसळले. वर्गात अंधश्रद्धेवर जे बोलायचे ते सगळं पुन्हा बोलून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला दुसरं काय नको. एकदा कुणीतरी दिवसाउजेडी माझ्या दारात यावं, नाव घिऊन म्हनावं, द्वारके, माझी पोत गाठून दे. बस." मी म्हणाले, येतील, नक्की येतील. मी स्वतः जाईन, असं म्हणायचं मात्र मला सुचलं नाही.

आणि वर्षभरातच माझ्या मेघाचं लग्न ठरलं.

इथं मला थांबावंसं वाटतं, पण थांबले तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. सासूबाई तोवर गेल्या होत्या. नवऱ्याला पोत कुठं गाठतात हेसुद्धा माहीत नव्हतं. विहीणबाई शहाण्या होत्या. मी एकटीनं ठरवलं. मेघाच्या वाट्या, द्वारकानं आमच्या घरी बघितलेल्या, पिशवीत घातल्या, द्वारकाच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मागच्या बोळातून स्टँडवर गेले आणि केजच्या सराफाकडं मंगळसूत्र गाठायला टाकलं. मनाची समजूत अशी घातली की माझा विश्वास नाही, पण एकुलती एक पोर आहे, उगाच कशाला... हे 'उगाच कशाला' मी आयुष्यभर मुलांच्या आयांना सोडायला सांगत आले होते.

लग्नात द्वारका आली. मेघासाठी मधाळ खड्यांची माळ घेऊन आली होती. मंगलाष्टकांच्या वेळी ती मांडवाच्या अगदी कडेला उभी होती, अक्षता टाकून तिथंच थांबली. जेवणं झाल्यावर मेघानंच तिला ओढत आणलं. द्वारकानं तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र दोन बोटांत धरून बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "गाठ बरी बसलीया, बाई." मला वाटलं, टोमणा. मी जिलेबीची चौकशी करायला आत पळाले. पुढं निवृत्त होऊन मी बीडला राहायला गेले, तरी आम्ही अकरा वर्षं भेटत राहिलो. ती मला लोणचं पाठवायची, मी तिच्या माळा विकायचे, पण पोतीचा विषय दोघींनीही कधी काढला नाही. ती शेवटपर्यंत मला 'तुमी'च म्हणाली. मी एकदाही सांगितलं नाही की 'तू' म्हण.

मधे शोभा तिच्याकडं आली. शोभाचाही नवरा गेलेला, माहेरी जागा नाही. द्वारकानं तिला ओसरीवर बसवलं, पिठात मणी मांडायला शिकवलं आणि पहिल्या सहा महिन्यांत दर माळ तिच्याकडून किमान दोनदा मोडून घेतली. शोभा रडायची, मला फोन करून गाऱ्हाणी सांगायची. तरी सोडून गेली नाही.

द्वारकाला जाऊन तीन आठवडे झाले असतील, घरी केस विंचरताना माझी पोत वाढली. आपल्याकडं तुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मणी गोळा केले आणि सवयीनं केजला, त्याच सराफाकडं गेले. त्यानं पुडी उघडून बघितली आणि परत बांधली. "बाई, आता महिनाभर तरी लागंल. गाठणारी गेली आमची."

"कोण गाठणारी?"

"तुमच्या नांदूरघाटचीच की. द्वारकाबाई." तो सहज बोलत होता, गल्ल्यामागं उभा राहून. "धा-पंधरा वर्षं सगळं तीच गाठायची. मागच्या दारानं पुडी न्यायची, मागच्या दारानं आणून द्यायची. गिऱ्हाइकाला सांगायचं न्हाई, असं ठरलंतं. तिच्यासारखा हात तालुक्यात न्हाई, पन सांगितलं असतं तर दुकान बसलं असतं माझं." मग गल्ला बंद करत म्हणाला, "तुमच्या लेकीचं बी तिनंच गाठलंतं. वाट्या बघूनच ओळखलं तिनं. म्हनली, ह्या आमच्या मेघीच्या हायेत, हिला दोरा दुपदरी घालते. मजुरी घेतली न्हाई तिनं त्याची."

मी तिथल्या स्टुलावर बसले. पाणी दिलं त्यानं, ते प्यायले. मेघाच्या संसाराला अकरा वर्षं झाली, दोन गोजिरवाणी पोरं आहेत, आणि ती सगळी वर्षं तिच्या गळ्यात त्याच हातच्या गाठी होत्या ज्यांना चुकवायला मी बोळातून पळाले होते. मला सर्वांत जास्त काय लागलं सांगू? त्या पुडीत वाट्या बघून तिला कळलं असणार की बाई माझ्याकडं न येता इथं आल्या. ते कळल्यावर ती घरी गेली, परातीत पीठ पसरलं आणि माझ्या लेकीचं मंगळसूत्र मांडायला बसली.

पुडी मी सराफाकडून परत घेतली आणि नांदूरघाटची गाडी धरली. शोभा ओसरीवर एकटीच बसली होती. मी बोळातून नाही, पुढच्या रस्त्यानं गेले आणि पुडी तिच्यापुढं ठेवली.

"शोभा, माझी पोत गाठून दे."

तिनं पुडी उघडली, काळे मणी बघितले आणि आधी रस्त्याकडं बघितलं. "आत चला बाई," कुजबुजली. "कुणी बघंल."

"आत नाही. इथंच."

"तुमच्या साहेबांस्नी चालंल का?"

"गळा माझा आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, शाळेत चढायचा तसा. समोरून डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई चालली होती, ती थबकली. "काय चाललंय बाई?" मी तिला सांगितलं, पोत गाठून घेतेय, शोभाकडून. तिनं आम्हा दोघींकडं बघितलं, पाटी सावरली आणि पुढं गेली. जग बुडालं नाही. इतकं सोपं होतं ते, आणि त्यासाठी मला द्वारका मरेपर्यंत थांबावं लागलं, याची लाज मी कुठं ठेवू?

शोभानं भिंतीची परात घेतली, पीठ पसरलं. मी समोर बसून राहिले. तिची बोटं पहिल्या काही मण्यांना अडखळली, मग लागली चालायला. उन्हं ओसरीवरून उतरली तेव्हा शेवटची गाठ बसली. तिनं पोत पदरानं पुसली आणि ताटलीत ठेवून ताटली माझ्याकडं सरकवली. हातात दिली नाही. "घ्या. तुमीच घाला."

मी मान पुढं झुकवली. "तू घाल."

तिनं हात लुगड्याला पुसले, उठली, माझ्या मागं आली. मानेवरचे केस बाजूला केले आणि पोत घातली. तिची बोटं खरखरीत होती, गाठीपाशी थोडा वेळ रेंगाळली. द्वारकाची बोटं माझ्या मानेला कशी लागली असती, ते मला आता कधीच कळायचं नाही.